आंधळीच्या नळीतला पीळ

बंदूक कधी आंधळी असते का हो? मोहबोडीत होती. पुनाराम धकात्याच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगलेली असायची. सासऱ्याची बंदूक, ठासणीची. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वरून शिशाची गोळी सोडायची, गजानं ठासायची, मागं ठिणगीची टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. नळी दोन हात लांब, खांद्याला लावायचा कुंदा शिसवीचा, टोपीवर आपटणाऱ्या घोड्यावर कोरलेलं पान. कुण्या मालगुजाराच्या शिकाऱ्याकडून आली होती म्हणे. दिसायला अशी देखणी की पाहणाऱ्यानं हात जोडावे. पण नेम म्हणाल तर राम राम! डुकरावर धरावी तर गोळी मोहाच्या झाडात, मोहावर धरावी तर तळ्याच्या पाण्यात. शेवटी गावानंच तिचं नाव ठेवलं, आंधळी.

मोहबोडी म्हणजे लालबर्र्याहून जंगलाकडे गाडीवाटेनं गेलं की लागणारं शेवटचं गाव. मध्यप्रदेश होऊन सात-आठ वर्षं झाली होती, शाळेत मास्तर हिंदीतून पाढे म्हणून घ्यायचा, पण घराघरांत अजून 'मले-तुले'च चालायचं. पुनाराम काही इथला नव्हे. तो वारासिवनीचा, मागावर जन्मलेला. त्याच्या जातीतल्याच दादाजी हेडाऊंच्या घरानं दोन पिढ्यांमागं माग सोडून नांगर धरला होता. दादाजींना मुलगा नाही, एकच लेक जिजाबाई. म्हणून पुनाराम घरजावई होऊन आला, आणि येताना माग खांद्यावर घेऊन आला! पडवीत मांडला, शेतीच्या कामातून वेळ मिळाला की लुगडी विणायचा. अंधारात बोट फिरवून कुठला धागा तुटला ते सांगायचा. पण नांगराचं तास म्हणाल तर सापाच्या चालीनं जायचं.

त्यात दादाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आंधळी पुनारामच्या गळ्यात पडली. इथूनच सगळं सुरू झालं.

गावाची एक रीत होती. दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी गावातल्या सगळ्या बंदुका बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर यायच्या. त्यांना हळदकुंकू लागायचं, पलीकडच्या काठावर बाभळीला दोरीनं नारळ टांगायचे आणि त्या बाजूला गुरंसुद्धा फिरकू द्यायची नाहीत. प्रत्येक बंदुकीला एक नारळ, तीन बार. छर्रा चालायचा नाही, एकेरी गोळी. नारळ फुटला तर ती बंदूक यंदा धानाच्या जागलीला बसणार. धान निसवलं की डुकरांचे कळप जंगलातून उतरतात, आणि हुकलेली गोळी डुकराला मारत नाही, नुसती उधळून शेजाऱ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, घालते. म्हणून ही परीक्षा. अन् लागोपाठ तीन दसरे नारळ फुटला नाही तर? तर ती बंदूक त्या घरातून उठायची आणि भाऊबंदांत ज्याचा नेम चांगला त्याच्या घरी जायची. मग कोणी रडो की पाया पडो.

दादाजींचा नारळ तिसऱ्या दसऱ्याला तरी कसाबसा फुटायचा; पुनारामचे दोन दसरे कोरे गेले होते.

भाऊबंद म्हणजे दादाजींचा पुतण्या चैतराम. छातीनं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. त्याची स्वतःची बंदूक होती आणि तो दरसाल नारळ फोडायचा. मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. रस्त्यात पुनाराम दिसला की ओरडायचा, "का भाटवे! आंधळीले चष्मा घेतला का नाई?" आणि सगळी चावडी हसायची. पुनारामही हसायचा. काय करणार! बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करायचा साळ्याला हक्कच असतो. पण घरी आला की खुंटीकडे बघवत नसे. सासऱ्यानं घर दिलं, लेक दिली, शेत दिलं, आणि आपल्या हातून त्याची बंदूक जाणार. दादाजी एका शब्दानं बोलत नव्हते, हेच जास्त लागत होतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी पोळा झाला, पाऊस जरा दमला आणि पुनारामनं बंदूक साफ करायला घेतली. साफ करायची म्हणजे गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळायची आणि नळीत खाली-वर करायची. नेहमी जी हाती येईल ती चिंधी. त्या दिवशी जिजाबाई निंदणाला गेली होती, घरात चिंधी सापडेना. मागावरून उतरलेल्या जाड्याभरड्या कापडाची पट्टी पडली होती ती त्यानं गुंडाळली. घट्ट बसली. तोंडाशीच अडली. त्यानं जोर करून गज खाली दाबला.

गज हातात फिरला!

पुनाराम थांबला. हात घसरला असेल म्हणाला. वर ओढला, तर गज उलटा फिरला. पुन्हा खाली, पुन्हा फिरला. मुठीतल्या मुठीत, कोणी खालून धरून पिळावा तसा, अगदी हळू. त्यानं गजाला वरच्या बाजूनं चुन्याचा ठिपका लावला आणि सैल हातानं दाबत गेला. ठिपका समोर होता, खाली जाईस्तोवर पार मागं गेला. नळीच्या तोंडात त्यानं करंगळी घातली. आत चिरा होत्या, त्या सगळ्यांनाच ठाऊक होत्या. नळी आतून खाल्ली गेली म्हणायचे लोक. वारासिवनीचा लोहार तर त्या घासून सपाट करून देतो म्हणाला होता! पण खाल्लेल्या नळीच्या चिरा अशा सगळ्या एकाच बाजूला तिरप्या कशा जातील? पुनारामची अख्खी हयात सुताला पीळ देण्यात गेलेली. त्याला आणखी काय सांगायला हवं?

तो बंदूक, गज, सगळं तसंच टाकून पळाला. धोतर गुडघ्यावर, पायांत काही नाही, बांधीच्या चिखलातून तडक निंदणाऱ्या बायांत.

"अवं आयकते का! गज फिरते! आंधळीचा गज फिरते!"

बाया वाकल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. जिजाबाईनं कमरेवर हात ठेवला. "गज नाई फिरत, तुमचं डोस्कं फिरलं. उन्हात काहून आले बिनटोपीचे?"

"चिरा नाई त्या! पीळ हाय पीळ! नळीले आतून पीळ देलाय कोणंतरी. अन् आपुन त्याच्यात गोळी टाकतो ढिली, बोरावानी. ते पिळाले धरतच नाई. घट्ट बसली तं पिळासंगं फिरत जाईन. भवरा फिरते तोवरच उभा राह्यते का नाई? तसंच हाय हे!"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. जिजाबाई नाही हसली. दादाजींनी तिला लहानपणी ह्याच बंदुकीवर नेम धरायला शिकवलं होतं, चोरून, शेतात, कारण मुलगा नव्हता आणि हौस तर होती. ही बंदूक आज डावीकडे फेकते आणि उद्या उजवीकडे, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपला हात कच्चा असं समजून ती गप्प राहिली होती. तिनं हातातलं गवत टाकलं, पाय धुतले आणि म्हणाली, "चला. दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतामागच्या नाल्यात. समोर उंच दरड, तिला टेकवून एक जुनं सूप, सुपाच्या मध्ये चुन्याचं बोट. पुनारामनं मागावरून नुकतंच उतरवलेलं कापड आणलं होतं, सगळ्यांत एकसारख्या विणीचं. चिंध्यांचा काय भरवसा? एक जाड, एक पातळ, एकीला शिवण. गोळी कधी घट्ट बसायची, कधी सैल. हे कापड कुठूनही कापा, तेवढंच जाड. त्याच्या तुकड्यात गोळी धरून त्यानं ठासली आणि बंदूक खांद्याला लावली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. पुनाराम चाप ओढायच्या आधी डोळे मिटायचा. ते त्याला कळायचंसुद्धा नाही. बार झाला, दरडीवरची माती उडाली, सूप जिथल्या तिथं.

"द्या इकडं," जिजाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा ठासून दिली. तिनं काष्टा खोचला, गुडघा टेकला, नळीच्या टोकाची माशी सुपावर आणली आणि चाप ओढला. धूर निवला तेव्हा चुन्याच्या ठिपक्याला लागून भोक! पुनाराम एवढ्या जोरानं ओरडला की नाल्यातल्या टिटव्या उडाल्या. "पाह्यलं? पाह्यलं का? आंधळी म्हणते गाव! आंधळं गाव हाय!"

पण हर्ष फार टिकला नाही. दुसरी गोळी ठासताना गज जड गेला आणि नेम हातभर सरकला. तिसरी तर अर्ध्या नळीतच अडकून बसली, ना खाली ना वर. अशा बंदुकीचा चाप ओढणं म्हणजे मरणाला बोलावणं. घरी आणून ऊन पाणी ओतून बारूद भिजवून मारली आणि गजाला पेच लावून ती गोळी ओढून काढली, तेव्हा दिवस कलला होता. पुनाराम चिडला. बारूद ओली म्हणाला, दुकानदार लबाड म्हणाला, गोळीचा साचा वाकडा म्हणाला. तोंडाचा पट्टा चालू.

जिजाबाई नळीतून निघालेला काळा लगदा बोटावर घेऊन हुंगत होती. "बारुदीचा नाई हा वास. भात करपल्यावानी येऊन राह्यला." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्या कापडाले खळ किती देली?"

पुनारामनं उरलेलं कापड बोटांत चुरून पाहिलं. तांदळाच्या पेजेची खळ! त्याशिवाय ताण्याचे उभे धागे मागावर टिकत नाहीत, आणि गिऱ्हाईकाच्या हातात कापड कडक कुरकुरीत गेलं तरच विणकराची अब्रू. धुतलेलं कापड विकणारा विणकर कोणी पाहिला आहे का? त्याच्या डोक्यात हे आलंच नाही, येणारच नव्हतं. प्रत्येक बाराला ती खळ नळीत जळत होती आणि पिळात बसत होती.

"लेकराच्या लंगोटाले कोणी कोरं कापड घेते का?" जिजाबाई म्हणाली. "कोरं कापड पाणी पीत नाई, तेलबी पीत नाई. आणा ते हिकडं."

तिनं ते कापड बोडीच्या दगडावर असं आपटलं की पुनारामला बघवेना. प्रत्येक आपट त्याच्याच पाठीवर पडत होती. पार मऊ, मेलेलं झालं कापड. मग मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल, जे थंडीत तुपासारखं थिजतं, ते थोडं कोमट करून तिनं त्यात मुरवलं. बारुदीचं माप पुनारामनं सोडवलं. गावात सगळे बोटांनी मोजायचे, चार बोटं बारूद; पण बोटं ज्याची त्याची, आणि चिमूट रोजची वेगळी. त्यानं सूत गुंडाळायची बोरूची कांडी घेतली, एका बाजूनं बंद केली, तिलाच माप केलं. कांडीभर म्हणजे कांडीभर. दर बारानंतर ओल्या चिंधीनं नळी पुसायची, मग कोरड्या. घाई नाही.

चार दिवसांनी पुन्हा नाला. जिजाबाईनं एकामागून एक बार काढले. सूप आणून पाहिलं तर सगळी भोकं मध्ये, एका भाकरीखाली झाकतील एवढ्यात! पुनारामनं ते सूप डोक्यावर घेतलं आणि नाल्यात नाचायला लागला. धोतराचा सोगा बोरीच्या काट्यात अडकून टरकला तरी याला शुद्ध नाही. जिजाबाई हसून हसून खाली बसली. "पुरे, पुरे! कोणी पाह्यन!"

"पाहू दे! बोलाव तुया चैतूदादाले, पाहू दे त्याले!"

"चैतूदादाले दसऱ्याले दाखवा," ती म्हणाली, आणि तिचं हसू थांबलं. "अन् दसऱ्याले बंदूक तुमच्या हातात राह्यन. माह्या नाई."

खरंच की. दसऱ्याला बाया मोहाखाली आरतीचं ताट घेऊन उभ्या राहायच्या. बंदुकीला हात लावायची गोष्टच नव्हती. ज्यानं ठासली त्यानंच बार काढायचा, हीही जुनी रीत.

मग पुनाराम शिकायला लागला. बिनबारुदीचा चाप ओढला की डोळे उघडे. बारूद घातली की मिटले! जिजाबाई शेजारी बसून त्याच्या पापण्यांवर नजर ठेवायची. ओरडली, समजावलं, शेवटी कपाळावर हात मारला. "लग्नात अंतरपाट दूर झाला तवाबी तुमी डोळे झाकूनच उभे होते. आता मी तरी काय करू?"

"त्या दिवशी नेम बरोबर लागला ना?" पुनाराम म्हणाला. हुशार माणूस, पण हुशारीनं पापणी उघडी राहत नाही.

दसरा आला. सकाळपासून बोडीची पाळ माणसांनी भरली. मधोमध भैयालाल पटेल, गावचा मुखिया, पांढरा फेटा बांधून. दादाजींना खाटेवर बसवून आणलं होतं. त्यांना नारळ दिसणार नव्हता, बार ऐकू येणार होता. बंदुकांना हळदकुंकू झालं, बार सुरू झाले. चैतरामचा पहिला चुकला, दुसऱ्याला नारळ फुटून पाणी उडालं, आणि त्यानं मिशीवरून असा हात फिरवला की जसा वाघच पाडला.

"चला भाटवे! आणा तुमच्या सूरदासले!"

पुनारामनं कांडीनं बारूद ओतली, तेलकट कापडात गोळी बसवली, गजानं ठासली. ठासताना हात दगडासारखा स्थिर. खांद्याला लावली आणि डोळे मिटले. बार! बाभळीची फांदी तुटून पडली. लोक खदखदून हसले. "नारळ सोडून झाड तोडून राह्यले, सरपणाची सोय केली!" असं कोणीतरी म्हणालं.

त्यानं नळी पुसली, पुन्हा ठासली. मनात म्हणाला, डोळे उघडे, डोळे उघडे. चापावर बोट गेलं आणि पापण्या पडल्या त्या पडल्याच. बार! ह्यावेळी एकच कल्ला उठला. नारळ खाली पडला होता! पुनाराम उडी मारणार तोच दिसलं, नारळ अख्खा. गोळीनं नेमकी दोरी कापली होती, आणि नारळ काठावरून गडगडत बोडीत जाऊन डुलत होता.

"लागला! लागला!" एक बाजू ओरडली. "कायचा लागला? दोरी मारली का नारळ?" दुसरी बाजू. माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. भैयालाल पटेलांनी हात वर केला. त्यांचं बोलणं नेहमीच अर्धं हिंदी असायचं. "सुनो भाई. नारियल गिरा, फूटा नहीं. रीत फोडायची हाय. एक बार बाकी हाय पुनारामचा."

"दुसरा टांगा नारळ!" कोणी म्हणालं.

"काहून दुसरा?" चैतराम गरजला. "ज्याचा नारळ त्याले. पाण्यात पाडला तं पाण्यात मारा!"

वारा सुटला होता. नारळ लाटांवर खाली-वर होत हळूहळू लांब चालला होता. पुनाराम खाली बसला. नळी पुसली, ओली चिंधी, कोरडी चिंधी. कांडी भरली. गावाचा आवाज त्याला ऐकू येईना. ठासायला बसला की त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती. गज तळाला टेकला, ठक्, आणि त्याला आतून माहीत होतं की ही गोळी जिकडे नळी, तिकडेच जाणार. केसभर इकडेतिकडे नाही. बंदूक आता आंधळी नव्हती. आंधळा राहिला होता तो एकटा पुनाराम, आणि हा बारही त्यानं काढला तर सासऱ्याची बंदूक आज घरातून गेली समजा. त्याला फार वाटत होतं, आपल्या हातून व्हावं. एकदा, सगळ्या गावासमोर. तो उठला आणि सरळ मोहाच्या झाडाकडे चालायला लागला.

"घे," तो जिजाबाईला म्हणाला.

"अहो, गाव काय म्हणन?"

"गाव मंग म्हणन. नारळ वाहून चालला!"

जिजाबाईनं ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि बंदूक घेतली. मग काय विचारता! पाळीवर नुसता गलका. बाईमाणूस बार काढणार? दसऱ्याच्या दिवशी? चैतराम दोन ढांगांत आडवा आला. "भाटवे, हे नाई चालणार! ज्यानं ठासली त्यानंच मारली पाह्यजे. रीत हाय!"

"चैतू!"

खाटेवरून दादाजी उभे राहिले होते. कोणाच्या आधाराशिवाय. आवाज म्हातारा, पण सगळी पाळ गप्प झाली.

"रीत कायच्यासाठी हाय ते ठाऊक हाय का तुले? बारूद ज्यादा पडली, गोळी अधांतरी राह्यली, तं नळी फुटते अन् माणसाचं तोंड जाते. म्हणून दुसऱ्याच्या हातची ठासलेली बंदूक कोणी गालाले लावत नाई. सख्ख्या भावाच्या हातचीबी नाई. म्या जल्मात कोणाची लावली नाई. माही पोरगी लावून राह्यली, तिचा गाल हाय, तिचा जीव हाय. तुले काहून दुखते?"

चैतराम वाटेतून बाजूला झाला. पटेलांनी डोकं हलवलं. "हौ. बात तो सही है. मार, जिजाबाई."

जिजाबाईनं काष्टा खोचला आणि पाळीच्या उतारावर गुडघा टेकला. कुंद्याला गाल लावला. नारळ वर आला, खाली गेला. वर आला, खाली गेला. ती थांबली. एवढी थांबली की मागं कोणाचा तरी श्वास मोठ्यानं सुटला. पुनारामनं, खोटं कशाला सांगा, डोळे मिटून घेतले होते.

बार झाला.

मग बायांचा आवाज उठला, असा की लालबर्र्याच्या बाजारात ऐकू जावा! पुनारामनं डोळे उघडले. पाण्यावर नारळाची पांढरी भकलं तरंगत होती, मोठी, लहान, चहूकडे. "फुटला!" तो ओरडला. "दादाजी, फुटला! तुमची बंदूक घरीच राह्यली!" आणि धोतरासकट त्यानं बोडीत उडी घेतली. काय करायचं होतं त्याला पाण्यात? काही नाही! हातपाय मारत, रडत-हसत नारळाचे तुकडे गोळा करत सुटला. जिजाबाई बंदूक छातीशी धरून ओरडत होती, "अहो, तिथं खोल हाय! बाहीर या!" दादाजी खाटेवर बसले आणि दोन्ही तळव्यांनी डोळे पुसायला लागले.

पुनाराम निथळत वर आला तर समोर चैतराम. हातात त्याची स्वतःची बंदूक. आता काय बोलतो हा? भांडतो की काय? जिजाबाई नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

चैतरामनं बंदूक नळी वर करून पुनारामपुढं धरली.

"भाटवे," तो म्हणाला, एवढ्या हळू आवाजात त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं. "माहीबी ठासून द्या."

पुनारामनं ओले हात धोतराला पुसले. धोतरही ओलंच. जिजाबाईनं आपला पदर पुढं केला, त्याला पुसले. मग पाळीवर राहिलेली कांडी भरली, कापडात गोळी बसवली, गज हळूहळू तळापर्यंत नेला आणि बंदूक परत दिली.

चैतरामनं गज घालून तपासलं नाही. टोपी चढवली आणि बंदूक सरळ गालाला लावली.